चौथा स्क्रू

कंपनीत त्यांना सगळे भिंगबाई म्हणायचे. हे नाव कुणी ठेवलं ते आता कुणाला आठवत नव्हतं, पण ठेवणाऱ्यानं नेमकं ठेवलं होतं. दुरुस्तीच्या खोलीत खिडकीजवळ त्यांचं टेबल, टेबलावर गोल दिवा बसवलेलं मोठं भिंग आणि भिंगामागे त्यांचा एक डोळा, जो समोरून बघणाऱ्याला बशीएवढा दिसायचा. एकतीस वर्षं त्या तिथे बसत होत्या. कंपनी लिफ्ट चालवणारी कंट्रोल पॅनल बनवायची. ठिकठिकाणच्या इमारतींमधून बिघडलेले सर्किट बोर्ड खोक्यांत भरून यायचे आणि भिंगबाई ते बरे करून परत धाडायच्या. पाणी प्यायलेला असो, मुंग्यांनी घर केलेला असो, की कुणीतरी उलटी वायर जोडून जाळून टाकलेला. "हा गेला, फेकून द्या," हे वाक्य त्यांच्या तोंडून फार क्वचित निघायचं, आणि निघालं की त्यावर कुणी वाद घालायचं नाही.

त्यांची सून त्याच कंपनीत होती, पण वरच्या मजल्यावर, डिझाइन खात्यात. लग्नानंतर दोन वर्षांनी तिनं जाहिरात बघून अर्ज केला, परीक्षा दिली, मुलाखत दिली आणि नेमणुकीचं पत्र हातात पडल्यावरच सासूला सांगितलं. "तुमच्या ओळखीनं लागले असं कुणी म्हणायला नको, आई," एवढंच म्हणाली. भिंगबाईंना ते फार आवडलं होतं. पण तोंडावर कौतुक करायची त्यांना सवय नव्हती. काम चांगलं झालं की त्या नुसतं "हं" म्हणायच्या, आणि कंपनीतल्या जुन्या माणसांना त्या "हं"ची किंमत ठाऊक होती.

घरी तिघं. तिसरा म्हणजे मुलगा. तो शाळेत भूगोल शिकवायचा. जेवताना कंपनीचं बोलायचं नाही हा नियम त्यानंच केला होता, कारण या दोघी सुरू झाल्या की नद्या-डोंगरांच्या माणसाला कशाचाच थांग लागायचा नाही.

सुनेनं एकटीनं केलेला पहिला बोर्ड गेल्या वर्षी बाजारात गेला. लिफ्टचा मुख्य बोर्डच तो. आधीच्या बोर्डाच्या निम्म्या आकाराचा. पहिला नमुना तयार झाला त्या दिवशी भिंगबाईंनी तो भिंगाखाली धरून चांगला अर्धा तास पाहिला होता. तांब्याच्या रेघा शिस्तीत वळलेल्या, मोटरच्या जड करंटची बाजू एकीकडे, नाजूक सिग्नलची बाजू दुसरीकडे, मध्ये मोकळी पट्टी. घाईत केलेलं काम कसं दिसतं ते त्यांनी हजारो बोर्डांवर पाहिलं होतं. हे तसं नव्हतं.

"हं," त्या म्हणाल्या होत्या, आणि सून दिवसभर हवेत होती.

आठ महिन्यांनी तेच बोर्ड खोक्यातून खाली येऊ लागले.

सगळ्यांची तक्रार एकच. लिफ्ट चालता चालता दोन मजल्यांच्या मध्येच थांबते, अर्ध्या मिनिटानं आपोआप चालू होते. तेवढ्या अर्ध्या मिनिटात आतल्या माणसांचा जीव टांगणीला लागतो. आणि बोर्ड टेबलावर आणून जोडला की ठणठणीत. भिंगबाईंनी पहिल्या दोन बोर्डांवर 'दोष आढळला नाही' असा शेरा मारून ते परत पाठवले. महिन्याभरात ते दोन्ही परत आले आणि सोबत आणखी चार घेऊन आले. आपल्याच अक्षरातला तो शेरा पुन्हा वाचताना भिंगबाईंना कसंसंच झालं. दोष आढळला नाही म्हणजे दोष नाही असं नव्हे, आपल्याला सापडला नाही एवढंच, हे त्या स्वतःच नव्या लोकांना सांगत आल्या होत्या.

वरच्या मजल्यावरून निरोप आला की डिझाइनच्या मुख्य साहेबांना कपॅसिटरचा लॉट खराब असल्याचा संशय आहे, पुरवठादार बदलायचं चाललंय, तोवर खाली डोकं लावू नये.

भिंगबाईंनी डोकं लावलं. बोर्ड तापवून पाहिला, गार करून पाहिला, व्होल्टेज कमीजास्त करून पाहिलं, लाकडी काडीनं एकेका पार्टला टिचक्या मारून पाहिल्या. ढिम्म. शेवटी त्यांनी जागेवर काम करणाऱ्या फिटरला फोन केला. "नुसता बोर्ड पाठवू नकोस. तो ज्या पत्र्यावर बसतो तो पत्रापण काढून पाठव, स्क्रूसकट. बोर्ड माझ्याकडे आला की बरा होतो, म्हणजे त्याला घरी काहीतरी त्रास आहे."

पत्रा आला. लोखंडी, राखाडी रंगाचा, चार कोपऱ्यांना चार बुटके खुंट. त्यांच्यावर बोर्ड ठेवून चार स्क्रू पिळायचे, इतकंच. भिंगबाईंनी बोर्ड चालू केला. हिरवा दिवा लागला. पहिला स्क्रू पिळला, दुसरा पिळला, तिसरा पिळला. दिवा स्थिर. चौथा स्क्रू शेवटच्या अर्ध्या वळणावर आला आणि दिवा विझला.

त्यांनी स्क्रू अर्धं वळण सैल केला. दिवा लागला. पुन्हा पिळला. विझला. असं सहा वेळा केलं. मग पत्र्यावर पट्टी आडवी धरून बघितलं तर चौथा खुंट बाकीच्यांपेक्षा नखभर खाली होता. स्क्रू घट्ट केला की बोर्डाचा तो कोपरा खाली ओढला जाऊन किंचित वाकत होता. आणि त्या स्क्रूच्या भोकाला अगदी खेटून तांदळाच्या दाण्याएवढा एक कपॅसिटर बसलेला होता. भिंगातून वरून बघताना त्याच्यावर ओरखडासुद्धा नव्हता. भिंगबाईंनी गरम हवेनं सोल्डर वितळवून तो उचलला, उलटा केला आणि भिंगाखाली धरला. पोटाशी, टोकाजवळ, केसाएवढी तिरकी चीर.

उरलेल्या पाच बोर्डांवरचा तोच कपॅसिटर त्यांनी काढला. पाचही चिरलेले.

दोष सापडल्याचा आनंद काय असतो तो दुरुस्ती करणाऱ्यालाच कळतो. भिंगबाई खुर्चीला टेकल्या आणि मिनिटभर त्या आनंदात बसल्या. मग त्यांच्या लक्षात आलं की नोंदवही उघडून आता जे लिहायचं आहे ते सुनेच्या कामाबद्दल आहे.

पेन हातात धरून त्या बराच वेळ बसून राहिल्या. पुरवठादार बदलायचं चाललंच होतं. चूप बसलं असतं तर दोष परस्पर दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यात पडला असता. पण लिफ्ट थांबतच राहिल्या असत्या, आणि एकतीस वर्षांत त्या वहीत त्यांनी एकही ओळ खोटी लिहिली नव्हती. त्यांनी लिहिलं: 'कपॅसिटर स्क्रूच्या भोकाला खेटून बसवल्यामुळे बोर्ड वाकताना चिरतो. सहापैकी सहा. जागा चुकली आहे.' खाली सही केली. सहा कपॅसिटर एका छोट्या डबीत घातले आणि डबी पर्समध्ये टाकली.

संध्याकाळी सून स्वयंपाकघरात भाजी चिरत होती. भिंगबाईंनी डबी तिच्यासमोर ओट्यावर ठेवली.

"हे काय, आई?"

"तुझ्या बोर्डाचं दुखणं. उद्या वही वर येईल. तिथे सगळ्यांसमोर पहिल्यांदा कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं."

सुनेनं हात पुसले, डबी उघडली, एक दाणा बोटाच्या टोकावर घेतला. "साहेब तर म्हणतात लॉट खराब आहे."

"लॉट चांगला आहे. याच लॉटचे अजून तेवीस दाणे याच बोर्डावर सुखानं नांदतायत. मरतो तो हा एकटाच, तोही प्रत्येक बोर्डावर. कुठे बसतो सांग बघू हा?"

सुनेला तिचा बोर्ड डोळे मिटूनही दिसत असणार. ती हळू आवाजात म्हणाली, "चौथ्या भोकाजवळ. पण भोक तिथे नव्हतंच, आई. अगदी शेवटच्या आठवड्यात पत्र्याचं माप बदललं आणि साहेबांनी भोक आत सरकवायला सांगितलं. मी सरकवलं. चिपला स्वच्छ वीज मिळावी म्हणून हा दाणा तिच्या पायाशीच ठेवावा लागतो, म्हणून तो मी हलवला नाही. सॉफ्टवेअरनं तपासलं आणि अंतर पुरेसं आहे म्हणून सांगितलं."

"सॉफ्टवेअरनं कधी हातात स्क्रू ड्रायव्हर धरलाय का?"

तेवढ्यात मुलगा पाणी प्यायला आत आला, दोघींचे चेहरे बघितले आणि पाणी न पिताच बाहेर गेला.

दुसऱ्या दिवशी सून सासूबरोबरच लवकर निघाली. दुरुस्तीच्या खोलीत अजून कुणी आलं नव्हतं. भिंगबाईंनी नवीन कपॅसिटर लावलेला एक बोर्ड पत्र्यावर ठेवला आणि स्क्रू ड्रायव्हर तिच्या हातात दिला. सुनेनं चार स्क्रू पिळले. दिवा लागलेलाच राहिला. "अजून," भिंगबाई म्हणाल्या. "तो फिटर काही तुझ्यासारखा हलक्या हाताचा नसतो. वर माळ्यावर, अंधारात, घाम पुसत पिळतो तो." सुनेनं जोर लावला. टक् असा अगदी बारीक आवाज झाला, इतका बारीक की शेजारी पंखा चालू असता तर ऐकूच आला नसता. दिवा विझला.

सून त्या विझलेल्या दिव्याकडे बघत राहिली. रडली वगैरे नाही. "मला ऐकू आलं," एवढंच म्हणाली.

अकरा वाजता वर बैठक होती. भिंगबाईंना वही घेऊन बोलावलं होतं. इतक्या वर्षांत त्या वरच्या मजल्यावर मोजून चार वेळा गेल्या असतील, त्यातल्या दोन वेळा निरोपसमारंभाला. मुख्य साहेब टेबलाच्या टोकाला, दोन्ही बाजूंना डिझाइनची माणसं. माणूस वाईट नव्हता, पण डिझाइनचा शब्द खाली जातो, खालचा शब्द वर येत नाही, अशी त्यांची समजूत होती.

"भिंगबाई, तुमचं निरीक्षण चांगलं आहे," साहेब वही चाळत म्हणाले, "पण सहा बोर्डांवरून असा निष्कर्ष काढता येत नाही. सॉफ्टवेअरच्या नियम-तपासणीत बोर्ड पास झालेला आहे. कपॅसिटरचा दर्जा हेच मूळ कारण धरून आपण पुढे जाऊ."

भिंगबाईंनी तोंड उघडलं, पण त्यांच्या आधी सून बोलली.

"कपॅसिटर चांगला आहे, सर. चूक माझी आहे."

साहेबांचं वही चाळणं थांबलं.

"भोक सरकवल्यावर त्या कोपऱ्याकडे मी पुन्हा बघायला हवं होतं. बघितलं नाही. सॉफ्टवेअर फक्त अंतर मोजतं, बोर्ड वाकतो हे त्याला कळत नाही. ते मला कळायला हवं होतं. आज सकाळी मी माझ्या हातानं स्क्रू पिळून कपॅसिटर फोडलाय. खाली चला, तुम्हालाही दाखवते."

भोक कुणी सरकवायला सांगितलं होतं ते तिला सांगता आलं असतं. टेबलाभोवतीच्या निम्म्या लोकांना ते माहीतही होतं, आणि ती आता ते बोलेल म्हणून साहेब जरा सावरून बसलेले भिंगबाईंना दिसले. ती बोलली नाही. भिंगबाई वही मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांना उगाचच चष्मा काढून पुसावासा वाटला. नमुन्याचा बोर्ड बघितला त्या दिवशीसुद्धा त्यांना इतका अभिमान वाटला नव्हता.

साहेब खाली आले. त्यांनी स्वतः चौथा स्क्रू पिळला. मग बराच वेळ पत्र्यावर हात फिरवत उभे राहिले आणि म्हणाले, "भोक मी सरकवायला लावलं होतं." हे त्यांनी सगळ्यांसमोर म्हटलं, हे भिंगबाई पुढे कायम त्यांच्या बाजूनं सांगायच्या.

जागेवर बसलेल्या बोर्डांसाठी तातडीचा उपाय भिंगबाईंनीच सुचवला. चौथा खुंट सगळ्याच पत्र्यांवर खाली निघाला होता, म्हणून त्यावर एक पातळ वॉशर, म्हणजे चारही एका पातळीत येतील, आणि कपॅसिटर नवा. फिटरांबरोबर सून स्वतः इमारतींमध्ये जायला लागली. पंधरा दिवस ती जिने चढून गच्चीवरच्या मशीनच्या खोल्यांत शिरत होती, आणि घरी यायची तेव्हा कोपरापर्यंत ग्रीस लागलेलं असायचं. एकदा येताच म्हणाली, "आई, तिथे दिवाच नसतो हो. फिटर बॅटरी दातात धरून काम करतो. आणि माझ्या बोर्डावरची अक्षरं इतकी बारीक की त्याला वाचताच येत नाहीत."

"मग आता नवा बोर्ड दातात बॅटरी धरून कर," भिंगबाई म्हणाल्या.

सुनेनं ते शब्दशः घेतलं. नव्या बोर्डाची आखणी पूर्ण झाली तेव्हा कारखान्याकडे पाठवायच्या आधी तिनं ती खऱ्या मापात कागदावर छापली, कागद पुठ्ठ्यावर चिकटवला आणि खरे कनेक्टर, खरे रिले, उष्णता खेचणारी खरी पट्टी त्यावर टोचून बसवली. रविवारी सकाळी तो पुठ्ठ्याचा बोर्ड एका खोक्यात ठेवून तिनं खोकं कपाटाच्या वर चढवलं, पडदे ओढले आणि सासूच्या हातात बॅटरी दिली.

"तुम्ही फिटर. मी काही बोलणार नाही. चढा."

मुलाला स्टूल धरायला उभं केलं होतं. "जेवताना कंपनीचं बोलायचं नाही असं ठरलंय," तो म्हणाला.

"आपण जेवत नाही आहोत," दोघी एकदम म्हणाल्या.

भिंगबाई स्टुलावर चढल्या, बॅटरी दातात धरली आणि स्क्रू ड्रायव्हर आत घातला. मिनिटभरात त्यांच्या तोंडून अस्पष्ट आवाज यायला लागले. मुलानं बॅटरी काढून घेतली तेव्हा शब्द कळले.

"ही वायर घट्ट करायची तर माझी बोटं या पट्टीला लागतात. चालू असताना ती तापलेली असणार. फिटरची बोटं भाजतील, मग तो तुला शिव्या देईल."

"पट्टी पलीकडच्या कडेला नेते," सून लिहून घेत म्हणाली.

"हे दोन कनेक्टर जुळे भाऊ दिसतायत. अंधारात याचं डोकं त्याच्यात जाणार. एकाला चार पाय दे, दुसऱ्याला पाच. चुकीचा बसलाच नाही पाहिजे. आणि व्होल्टेज कुठे मोजू?"

"तिथे चिपच्या पायावर..."

"चिपच्या पायावर माझ्या मीटरची सुई घसरली की दोन पाय एकत्र येतात आणि चिप जाते. मला मोजायला वेगळे गोल ठिपके पाहिजेत, कडेला, ओळीत. शेजारी मोठ्या अक्षरात लिही किती व्होल्ट यायला हवेत ते. आणि कपॅसिटरची अधिक-वजाची खूण तू त्याच्या पोटाखाली छापलीस. पार्ट बसल्यावर ती कुणाला दिसणार?"

दोन तास हे चाललं. मुलाचे हात दुखून आले. सुनेचा कागद दोन्ही बाजूंनी भरला. शेवटी भिंगबाईंनी चार कोपरे तपासले. स्क्रूच्या भोवती बोटभर रान मोकळं होतं, एकही नाजूक पार्ट नाही. आणि चिपसकट तिचे दाणे आत, बोर्डाच्या पोटाशी नेलेले, सगळे कडेला समांतर आडवे घातलेले, म्हणजे बोर्ड वाकलाच तरी त्यांच्यावर ताण कमी यावा.

भिंगबाई स्टुलावरून उतरल्या. सून त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

"चांगला केलायस," भिंगबाई म्हणाल्या.

मुलानं चमकून आईकडे बघितलं. इतक्या वर्षांत त्याला स्वतःला "हं"च्या पुढे काही मिळालं नव्हतं.

कागदावरचे सगळे बदल करून आखणी आठवड्याभरात तयार झाली. ती कारखान्याकडे पाठवायच्या फॉर्मवर तोवर तीनच सह्या असायच्या: आखणाऱ्याची, तपासणाऱ्याची, साहेबांची. साहेब तो फॉर्म घेऊन स्वतः खाली आले. त्यावर चौथी चौकट नव्यानं छापली होती, 'दुरुस्ती विभाग'. "यापुढे तुमच्या सहीशिवाय बोर्ड जाणार नाही," त्यांनी सांगितलं.

भिंगबाईंनी त्यांना बसायला खुर्ची दिली आणि आखणीचे सगळे कागद एक एक करून वाचायला घेतले. साहेबांना वाटलं होतं सही होईल आणि आपण निघू. त्यांना पाऊण तास बसावं लागलं. एका ठिकाणी भिंगबाईंनी पेन्सिलीनं गोल केला, "हे अक्षर उलटं छापलं जाईल," म्हणाल्या. साहेबांनी वाकून पाहिलं आणि मान डोलावली. मगच सही झाली, पूर्ण नावाची, सावकाश काढलेली. दुरुस्तीच्या खोलीतल्या बाकीच्या माणसांनी हातातली कामं थांबवून ती बघितली.

नवे बोर्ड आले. एक बोर्ड सुनेनं जाणूनबुजून वाकड्या पत्र्यावर पिळून थरथरत्या यंत्रावर चार दिवस ठेवला. दिवा एकदाही लुकलुकला नाही. मग ते इमारतींमध्ये गेले, आणि खाली येणाऱ्या खोक्यांतून दिसेनासे झाले. भिंगबाईंच्या मागच्या मांडणीवर त्या बोर्डासाठी ठेवलेला कप्पा महिनोन्‌महिने रिकामा राहिला, तेव्हा त्यांनी तिथे आपला डबा ठेवायला सुरुवात केली.

वर्षभरानं एक आला. मशीनच्या खोलीचं छत गळून बोर्डावर रात्रंदिवस पाणी पडलं होतं, त्यात बिचाऱ्या बोर्डाचा काही दोष नव्हता. भिंगबाईंनी तो धुतला, वाळवला, ओळीतल्या ठिपक्यांवर मीटरची सुई टेकवत गेल्या. बारा, बारा, पाच, शून्य. शून्य आलं तिथला पार्ट बदलला. वीस मिनिटांत हिरवा दिवा लागला.

बोर्ड न्यायला आलेला पाठवणी विभागाचा कारकून नवीन होता. त्यानं घड्याळाकडे बघितलं. "झाला पण? याला तर दोन दिवस लागतील असं मला सांगितलं होतं. कुणी बनवलाय हा, इतका सरळ?"

भिंगबाईंनी बोर्ड पिशवीत घालून पिशवीचं तोंड बंद केलं, त्यावर चिठ्ठी चिकटवली आणि त्याच्या हातात दिली.

"आमच्या घरातला आहे," त्या म्हणाल्या, आणि पुढचा बोर्ड भिंगाखाली ओढला.